आगाखान पॅलेसला सहल न्या, पण वीस मिनिटांसाठी नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सहलींचा सीझन आलाय. शाळाशाळांत नोटिसा लागल्यात, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "या वर्षी कुठे?" सुरू झालंय आणि त्याच्या मागोमाग एजंटांचे फोनही. मी एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. सहलीचं काम दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतंच, आमच्याकडे ते बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं, म्हणून हे पत्र. विषय एकच आहे, पुण्याचा आगाखान पॅलेस आणि तिथे मुलांना कसं न्यावं. बाकीच्या स्मारकांनाही यातलं बरंचसं लागू होईल पण जे जवळून बघितलंय त्याबद्दलच लिहिते.

पुण्याची सहल म्हटली की यादी ठरलेली असते. सकाळी शनिवारवाडा, मग दगडूशेठ, मग केळकर म्युझियम, जेवण, आगाखान पॅलेस, कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि वेळ उरला तर सारसबाग, वेळ अर्थात कधीच उरत नाही. कागदावर हे फार भारी दिसतं, पालकांनाही वाटतं चला पैसे वसूल. पण शनिवारवाड्याहून नगर रोडला आगाखान आणि तिथून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कात्रज, हे अंतर दुपारच्या ट्रॅफिकमध्ये ज्याने बसमध्ये बसून काढलंय त्याला मी वेगळं काय सांगू. मग होतं काय, सकाळचा पहिला स्पॉट लांबतो, जेवण लांबतं, आणि मधल्या ज्या ठिकाणी मुलं दंगा करणार नाहीत असं वाटतं त्या ठिकाणचा वेळ कापला जातो. कापलं जातं ते नेमकं स्मारकच. प्राणिसंग्रहालयाचा वेळ कापायची कुणाची हिंमत नाही, मुलं बस डोक्यावर घेतील.

मागे आम्ही तिथे असताना दुसऱ्या एका शाळेची मुलं आली, दोन बस भरून. सर शिट्टी वाजवत होते, मुलं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेली, एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून बाहेर, पायऱ्यांवर ग्रुप फोटो, आणि सर ओरडले "चला, सगळ्यांनी बसमध्ये". कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांकडे कुणी फिरकलंच नाही. जाता जाता त्यातल्या एका मुलाने आमच्या वर्गातल्या मुलीला विचारलं, "इथे कोणता राजा राहायचा गं?" आमची पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. मला त्या मुलाचं अजिबात हसू आलं नाही. बाहेरून बघितलं तर तो राजवाडाच दिसतो, इटालियन पद्धतीच्या कमानी, लांबलचक व्हरांडे, समोर हिरवळ. हा तुरुंग होता हे त्याला बसमध्ये, शाळेत, कुठेच कुणी सांगितलं नव्हतं आणि वीस मिनिटांत ते आपोआप कळण्यासारखं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की स्मारकाची सहल करायची तर त्या दिवशी स्मारक एकच ठेवा, त्याला अर्धा दिवस द्या आणि निघायच्या आधी मुलांना तिथली माणसं ओळखीची करून द्या. हे जमत नसेल तर सरळ वॉटर पार्कला जा, निदान मुलांना पोहायला तरी मिळेल.

आता आगाखानच का, तर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी इतकी चांगली जागा मला दुसरी माहिती नाही. वास्तू १८९२ ची, तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी बांधलेली, आजूबाजूच्या दुष्काळाने पिचलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं असं सांगतात. रोजगार हमीची कामं आमच्या मुलांनी गावात बघितलेली आहेत त्यामुळे हा मुद्दा त्यांना लगेच कळतो. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला, ९ तारखेला पहाटे धरपकड झाली आणि गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन यांना खास रेल्वेने पुण्याकडे आणलं. पुणे स्टेशनवर गर्दी होईल म्हणून चिंचवडलाच उतरवून घेतलं. नेहरू, पटेल वगैरे बाकीचे नेते तीच गाडी घेऊन पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात. कस्तुरबांना त्याच दिवशी संध्याकाळी मुंबईतच पकडलं, शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींच्या जागी त्या बोलणार होत्या, आणि दोनेक दिवसांनी त्यांनाही सुशीला नय्यर यांच्यासोबत इथेच आणून ठेवलं.

हे सगळं मी बसमध्ये माइकवरून सांगत नाही. बसमध्ये मुलं अंताक्षरी खेळतात आणि ती त्यांनी खेळावीच. हे आधी वर्गात करायचं, दोनेक तास पुरतात, पीटीचा एखादा तास मागून घेतला तर कुणी नाही म्हणत नाही. मी फळ्यावर फक्त तारखा लिहिते, बाकी काही नाही. ९ ऑगस्ट १९४२. १५ ऑगस्ट १९४२. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३. २२ फेब्रुवारी १९४४. ६ मे १९४४. आणि विचारते, या प्रत्येक दिवशी त्या आवारात काय झालं असेल. दुसऱ्या तारखेला हमखास कुणीतरी हात वर करतं, मॅडम वर्ष चुकलंय, ४७ पाहिजे. मग सांगायचं की वर्ष बरोबर आहे, त्या दिवशी महादेवभाई गेले. तुरुंगात येऊन एक आठवडाही झाला नव्हता, हृदयविकाराचा झटका आला, वय पन्नास. म्हणजे ज्या दिवशी आपण झेंडावंदन करतो, लाडू खातो, त्याच तारखेला स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी हा माणूस इथे गेला आणि इथेच त्याला अग्नी दिला. वर्गात एकदम शांतता होते असं काही मी म्हणणार नाही, मागच्या बाकांवर चुळबूळ चालूच असते, पण ती तारीख मुलं विसरत नाहीत हे नक्की.

मग गट पाडायचे. साधारण दहा मुलांमागे एक शिक्षक ठेवावाच लागतो तर त्याच दहाच्या गटाला एक माणूस द्यायचा. एक गट कस्तुरबांचा, एक महादेवभाईंचा, एक सरोजिनी नायडूंचा, एक मीराबेनचा, एक सुशीलाबेन आणि प्यारेलाल या भावाबहिणीचा. गांधीजी कुणालाच द्यायचे नाहीत, ते तसेही सगळ्यांच्या वाट्याला येतातच. आणि एक गट ब्रिटिश सरकारचा. हा गट आधी कुणालाच नको असतो, पण सरकारला नोकरशाहीसारखी उत्तरं द्यायची आहेत, परवानग्या नाकारायच्या आहेत असं सांगितलं की त्यावरच भांडणं होतात. मीराबेनच्या गटाला कळतं की आपली बाई तर ब्रिटिश नौदलातल्या मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी, मग ते सरकारच्या गटाशी वाद घालायला लागतात, तुमच्याच माणसाची मुलगी तुम्हीच पकडलीत. असं झालं की अर्धं काम झालं समजा.

एक प्रश्न दरवेळी येतो आणि तो मला फार आवडतो. "मॅडम, एवढ्या मोठ्या बंगल्यात ठेवलं तर मग जेल कसली?" याचं उत्तर तिथे गेल्यावर शोधा म्हणून मी सोडून देते. उत्तर खरं तर गांधीजींनीच दिलंय, मार्च १९४४ मध्ये सरकारला पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की या एवढ्या मोठ्या जागेत, एवढा पहारा ठेवून मला डांबणं म्हणजे लोकांच्या पैशाची उधळपट्टी आहे, मला साध्या तुरुंगात हलवा, तिथेही मी आनंदाने राहीन. तेव्हा सभोवती काटेरी तारेचं कुंपण होतं, पहारेकरी होते, भेटीगाठींवर बंधनं होती. मुलांना हिरवळीवर उभं करून सांगायचं की आता इथे तार आहे असं धरा आणि बघा गेट किती लांब आहे. फाटकाबाहेर रहदारीचा रस्ता आहे, तो दिसतो, पण तिकडे जायचं नाही. एवढं पुरतं.

आत दालनात गांधीजींच्या वापरातल्या वस्तू आहेत, भांडी, कपडे, माळा, चपला आणि महादेवभाई गेल्यावर लिहिलेलं एक पत्रही. इथे मुलांना रांगेने पळवलं तर काचेवर नाकाचे ठसे सोडून दुसरं काही होत नाही. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर पाच मिनिटं थांबायचं, लिहायचं काही नाही, नुसतं बघायचं. आमच्यातला एक मुलगा, वर्गात दोन मिनिटं जागेवर न बसणारा, चपलांसमोर जो थांबला तो हलेना. नंतर म्हणाला, या चपलांचा अंगठा तुटून परत शिवलाय का ते बघत होतो. त्याचे वडील चप्पल-बुटांचंच काम करतात. त्याचं त्या दिवशी कितपत समाधान झालं माहिती नाही, पण गाइडने न दाखवलेली गोष्ट शोधायला तो थांबला.

"या वास्तूला किती खांब आहेत ते मोजा", "बागेतील पाच झाडांची नावे लिहा" या टाइपच्या वर्कशीट मी बंद केल्यात. त्यात मुलं कागदात डोकं घालून फिरतात, एकजण मोजतो आणि बाकीचे कॉपी करतात. घरी आल्यावर सहलवर्णन लिहायला लावायचा प्रकारही तसलाच, सगळ्यांचं "आम्ही पहाटे लवकर उठलो" पासून सुरू आणि "सहल अविस्मरणीय ठरली" वर संपतं. त्याऐवजी प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणायचा ज्याचं उत्तर तिथे मिळालं नाही. पुढचे दोन तीन आठवडे वर्गाला तेवढं काम पुरतं आणि मलाही वाचायला लागतं, ते एक वेगळंच.

सगळ्यात जास्त प्रश्न कस्तुरबांबद्दल येतात. मुलींकडून तर येतातच पण मुलांकडूनही. त्या बाईंना कॅरम आवडायचा, तिथे त्या खेळायच्या, गांधीजी म्हातारपणी त्यांना भूगोल शिकवायला बसायचे आणि त्यांना ते फारसं लक्षात राहायचं नाही, हे ऐकून भूगोलात कमी मार्क पडणाऱ्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग त्यांचं आजारपण. हृदय आधीच कमजोर, त्यात न्यूमोनिया झालेला. मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मागवलं, तेव्हा हे औषध अगदी नवीन, आपल्याकडे मिळणंच मुश्किल, विमानाने आणवलं होतं. दर काही तासांनी इंजेक्शन टोचावं लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं, आता तिला शेवटी त्रास देऊ नका असं त्यांचं म्हणणं. २२ फेब्रुवारी १९४४ ला संध्याकाळी त्या गेल्या, महाशिवरात्र होती. जाहीर अंत्ययात्रेला सरकारने परवानगी दिली नाही, आवारातच अंत्यसंस्कार झाले, गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांच्या अंगावर होती.

इथे शिक्षकांनी एक करायचं, जज व्हायचं नाही. मुलं परतीच्या बसमध्ये यावरून कडाकडा भांडतात. एक म्हणतो औषध द्यायला पाहिजे होतं, नवरा कोण ठरवणार. दुसरी म्हणते माझ्या आजीला शेवटी आयसीयूत ठेवलं होतं, नळ्या लावल्या होत्या, नकोच ते. तिसरा म्हणतो पण देवदास पण तर मुलगाच होता ना त्यांचा, त्याचं का नाही ऐकलं. हे ऐकताना माझं स्वतःचं मत मी गिळून टाकते, अवघड जातं पण टाकते. कारण मॅडमनी काय ते सांगितलं की चर्चा संपते आणि परत अंताक्षरी चालू.

यावरून आठवलं, एका पालकांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, गांधींकडे कशाला नेताय, त्यापेक्षा गडावर न्या. गडावर न्यायलाच पाहिजे, रायगड न बघता मराठी मुलगा दहावी झाला तर ती आमची चूक. पण एका सहलीत गडही आणि आगाखानही केलं की दोन्हीचा चुथडा होतो, त्यामुळे एक वर्ष हे, एक वर्ष ते. आणि गांधीजी ज्यांना पटत नाहीत त्या घरातली मुलं तर मला जास्त हवी असतात. त्यांच्याकडे प्रश्न असतात. गांधीजींचा फेब्रुवारी-मार्च १९४३ चा एकवीस दिवसांचा उपास हा सरकारवर दबाव आणायचा डाव नव्हता का, असं एकाने त्या खोलीत उभं राहून विचारलं होतं, आणि गंमत म्हणजे त्या वेळचे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीही जवळजवळ हाच आरोप पत्रात केला होता, राजकीय ब्लॅकमेल म्हणून. पोराला सांगितलं, तू एकटा नाहीयेस, फक्त कुणाच्या बाजूला उभा आहेस ते बघून ठेव. हसला तो. स्मारकात नेलं म्हणजे हात जोडूनच उभं राहिलं पाहिजे असं कुणी ठरवलंय?

आता जरा व्यवहाराचं. कारण नुसतं "मुलांना इतिहास जगू द्या" म्हणून बस हलत नाही.

परवानगीचं कामच फार वाढलंय. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, त्यानंतर नियम कडक झाले आणि ते व्हायलाच पाहिजे होते. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, गाडीची कागदपत्रं, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, रात्रीचा प्रवास नाही. पण त्याचा परिणाम असा झालाय की मुख्याध्यापक घाबरतात, सगळी जबाबदारी त्यांच्याच डोक्यावर, आणि मग एक तर सहलच नको किंवा मग सगळं पॅकेज एजंटवर सोपवलेलं बरं, ब्रेकफास्ट लंच रेन डान्स सगळं त्याच्याकडे. मला यातलं लॉजिक कळत नाही. ज्या नियमांमागे पाण्याची भीती आहे ते नियम पाळून आपण मुलांना परत पाण्यातच सोडतो, फक्त तिकीट काढून. स्मारकात ना समुद्र ना दरी, कंपाउंड आहे, गेट एक, मुलं मोजायला सोपी.

खर्चाचंही तसंच. एसटीत शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत आहे, ती घ्या, एसटी वेळेवर मिळावी म्हणून आगारात आधीच अर्ज टाकून ठेवा, डिसेंबर-जानेवारीत गाड्यांसाठी मारामारी असते. आगाखान पॅलेस २००३ पासून राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे आणि या खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, फक्त मुलांची यादी शाळेच्या लेटरहेडवर शिक्क्यासकट घेऊन जा, गेटवर वाद नको. म्हणजे सहलीचा खर्च रिसॉर्टच्या मानाने कितीतरी खाली येतो आणि जी चार-सहा मुलं दरवर्षी "मला बसमध्ये उलटी होते" म्हणून घरी राहतात ती यादीत येतात. त्यांना उलटी बिलटी काही होत नसते, सगळ्या वर्गशिक्षकांना हे माहिती असतं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी गेट उघडताना पोचायचं. आम्ही लांबून येतो त्यामुळे पहाटे निघावंच लागतं, तरी सकाळचे तीन तास तिथे मिळाले तर पुरतात. निम्मी मुलं आत दालनात, निम्मी बाहेर समाधी आणि बागेत, मग अदलाबदल. सगळी एकदम आत घातली की आवाज इतका घुमतो की गाइड काय बोलतोय ते पहिल्या ओळीलाही कळत नाही. समाध्या दोनच आहेत म्हणून मुलं तिथून पटकन निघायला बघतात, तिथे बसवा. महादेवभाई गेल्यावर गांधीजी त्या जागी रोज फुलं वाहायला जायचे, पुढे दीड वर्षात शेजारी दुसरी समाधी झाली. सुटकेच्या दिवशी, ६ मे १९४४ ला, निघण्याआधीही ते इथे येऊन गेले, आणि त्यानंतर त्यांना परत कधी तुरुंगात जावं लागलं नाही. बसवून एवढं सांगितलं की झालं, भाषण नको. डबे कुठे खायचे ते आधी विचारून घ्या, हिरवळीवर पंगत मांडली की वॉचमन येणार आणि त्याचं बरोबरच असणार. आणि स्वच्छतागृह, हे मी मुद्दाम लिहिते, इतक्या मुली एकदम आल्या की अर्धा तास तिथेच जातो, म्हणून आधीच्या थांब्यावरच सगळ्यांचं उरकून घ्यायचं. नियोजनाच्या बैठकीत हा विषय पुरुष शिक्षक कधीच काढत नाहीत.

दुपारनंतर एक मजेची जागा ठेवाच. मुलं मुलं आहेत. कात्रज करा, फक्त ते बुधवारी बंद असतं हे तारीख ठरवायच्या आधी बघा. दोन ठिकाणं, एक दिवस, बास.

जपानमध्ये हे कसं करतात ते वाचून मला हेवा वाटतो. हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानात देशभरातल्या शाळांच्या सहली येतात. सादाको सासाकी नावाची मुलगी, बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची, पुढे ल्युकेमिया झाला आणि १९५५ मध्ये बाराव्या वर्षी गेली, दवाखान्यात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडी घालत बसायची. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेऊन निधी जमवला आणि १९५८ मध्ये त्या उद्यानात मुलांचं स्मारक उभं राहिलं. आता तिथे येणाऱ्या शाळा असे हजार पक्षी आपल्या शाळेत बसून बनवतात, माळेत ओवतात आणि ती माळ घेऊन जातात. म्हणजे मूल उद्यानात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात त्या कामाला लागलेले असतात. आपल्याकडे सूत आहे की. सूत कातायची टकळी कुठे मिळत नाही असं नाही, चार बोटं सूत जरी मुलाने स्वतः काढलं तरी कस्तुरबांची ती साडी कशी झाली असेल याचा अंदाज येतो. आमच्या मुलांचं सूत दर दोन मिनिटांनी तुटत होतं, वर्गभर कापूस, शिपाईमामा माझ्यावर भडकले होते.

पुणे सगळ्यांनाच जवळ नाही हेही खरं. विदर्भातल्या, खानदेशातल्या शाळेने उगाच दहा तास बस हाकत आगाखानला यावं असं मी म्हणत नाही. बेचाळीसचा लढा काय फक्त पुण्या-मुंबईत झाला? नंदुरबारला शिरीषकुमार आहे, ९ सप्टेंबर १९४२ ला हातात झेंडा घेऊन गोळी झेलली, वय १५, म्हणजे आमच्या नववी-दहावीतल्या पोरांएवढा, त्याच्याबरोबरची मुलंही तशीच कोवळी. चंद्रपूरकडे चिमूर आहे. साताऱ्याकडे वडूज, सांगलीकडे इस्लामपूर, तिथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले आणि गोळीबार झाला. रायगड जिल्ह्यात चिरनेर, तिथला जंगल सत्याग्रह तर १९३० चा. राज्यात गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधलेली आहेत, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, बऱ्याच ठिकाणी आता कुलूप आणि आवारात गवत. पायी जाता येईल अशा अंतरावर स्मारक आहे आणि शाळेतल्या एकाही मुलाने ते आतून बघितलेलं नाही अशा शाळा मला माहिती आहेत. त्याला ना बस लागते ना परवानगीची फाइल, किल्ली कुणाकडे असते तेवढं शोधायचं.

शिक्षण खात्याला एक सुचवावंसं वाटतं. सहलीच्या परवानगीच्या अर्जात गाडी नंबरपासून सगळं विचारतात, तिथे एक रकाना वाढवा, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार आणि त्याआधी वर्गात काय घेतलं. खोटं लिहितील बरेच जण, लिहू देत, पण एका दिवसात सहा ठिकाणं लिहिताना निदान बेरीज तरी करावी लागेल. आणि पुरातत्त्व खात्याने सहलीच्या दिवसांत सकाळची वेळ शाळांसाठी ठरवून द्यावी, मराठी नीट बोलणारा एक माणूस ठेवावा जो पाठ केलेलं एका दमात म्हणून मोकळा होणार नाही.

तुमच्या पेपरच्या शालेय पुरवणीत सहलीच्या जाहिराती खूप येतात, त्यात एखादा कोपरा शिक्षकांसाठी काढता आला तर बघा. माझी स्वतःची एक अडचण आहेच. पटसंख्या वाढली, यंदा दोन बस होणार, आणि निम्मी आत निम्मी बाहेर हे गणित एका बसपुरतं बसतं, दोन बसला मोडतं. एक बस आधी कात्रजला पाठवावी तर तिकडे शिक्षक कमी पडतात, दोन वेगळ्या दिवशी न्यावं तर एसटी मिळत नाही. कुणी मोठ्या संख्येने मुलं नेऊन हे जमवलं असेल तर याच सदरात लिहा, आमची तारीख अजून ठरायची आहे.

आपली,
एक इतिहास शिक्षिका